हात जाईल एवढं दार

जाहेदा आपांनी कोपरानं खिटी दाबली, गोल दार टक् करून उघडलं, मनगटापर्यंत हात आत गेला आणि त्या म्हणाल्या, "अगे माँ! ये तो वहीच काच की पेटी है. हमारी सदफ को रखे थे ना दवाखाने में, वैसीच." त्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं. सदफ त्यांची नात, दिवस भरायच्या आत जन्मलेली, आता शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं आणते. तिची आठवण निघाली तसा त्यांचा चेहरा उलट उजळलाच. त्यांचे धाकटे भाऊ फारूखभाई, म्हणजे दुकानाचे मालक, हसून म्हणाले, "आपा, शाल रखने की पेटी है वो. श्रीनिवासभाईंनी दोन महिने डोकं घातलंय त्यात." मीही हसलो. वेळेवर हसणं मला चांगलं जमतं. शहागंजातल्या त्या दुकानात मे महिन्याची दुपार होती, पंखा गरम हवाच खाली ढकलत होता, आपांचा हात माझ्या पेटीत होता आणि हिमरू शालीची घडी त्यांच्या अंगठ्याखाली किंचित हलत होती. ती घडी हलताना मी पाहिली आणि माझ्या दंडापासून बोटांपर्यंत काहीतरी गार उतरत गेलं. फारूखभाई मला काही विचारत होते. मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही.

मी खोकी बनवतो. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर याला भारदस्त शब्द छापलाय, पण मीनाक्षी, माझी बायको, पहिल्यापासून खोकीच म्हणते आणि तेच बरोबर आहे. शेंद्र्याला माझं लहानसं वर्कशॉप आहे: दोन मशिनं, एक लांब टेबल आणि सांडू. सांडू करमाडचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, हाताचा इतका पक्का की मी कागदावर चुकलो तरी तो प्लास्टिकवर चुकत नाही. दुकानात माल मांडायच्या पारदर्शक पेट्या आम्ही करतो. गिऱ्हाइकाला सगळं दिसलं पाहिजे आणि मालाला काही होता कामा नये. शिवाय पेटी एकदा वापरून फेकायची नाही. माल विकला की ती परत यावी, स्वच्छ व्हावी, नव्या मालासकट पुन्हा उभी राहावी, निदान पन्नास वेळा. ही माझी हौस. चांगली वस्तू फेकून देणाऱ्या माणसांचा मला राग येतो आणि तो मी सांडूच्या डोक्यातही पुरता भरवला होता. फारूखभाईंनी त्या वर्षी जालना रोडवरच्या मॉलमध्ये काउंटर घेतलं आणि त्यांना धुळीनं गाठलं. २०१६ साल, पाऊस सलग दोन वर्षं रुसलेला. शहराबाहेर शेतं उघडी पडलेली आणि शहरात जिकडंतिकडं खोदकाम. जुनं शहर सोडून माणसं बीड बायपासकडं, शेंद्र्याकडं पसरत निघाली होती. दोन्हीकडची धूळ मिळून मॉलच्या काचेच्या दारातून आत यायची आणि उघडी मांडलेली शाल आठ दिवसांत मळकट दिसायची. बंद खोक्यात ठेवावी तर विकली जायची नाही. कारण हिमरू घेणारा माणूस डोळ्यांनी घेत नाही. तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात कापड धरतो, हलकेच चोळतो, क्षणभर कुठंतरी दुसरीकडंच बघतो आणि मग बोलतो. "भाई, बघून तर फोटो बी दिसतो," फारूखभाई मला म्हणाले होते. "हात लावल्याबगैर कुणी घेत नाही. आमच्या वालिदांच्या वक्तापासून हेच. मला अशी पेटी द्या की धूळ बाहेर आन् हात आत."

ते गोल दार मी एका बैठकीत काढलं. एरवी माझं असं होत नाही, साध्या खिटीसाठी मी आठ-आठ दिवस कागद फाडत बसतो. या वेळी पेन्सिल थांबलीच नाही. पेटीच्या पुढच्या अंगाला हात जाईल एवढं गोल दार, कडेनं मऊ रबर, म्हणजे मनगटाभोवती ते बसावं आणि धूळ आत जाऊ नये. आणि खिटी अशी की बोटानं नाही, कोपरानं दाबायची. सांडूनं विचारलं होतं, "साहेब, कोपरानं कामून? हात हायेत की मान्साला." मी त्याला समजावलं, मॉलमध्ये लोकांच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात. "व्हय, ते बी खरंय," सांडू म्हणाला. मलाही पटलं. दोन्ही हातांत पिशव्या असलेला माणूस कोपरानं दार उघडून आत काय घालणार, हा प्रश्न आम्हा दोघा शहाण्यांना पडला नाही. तो मला पडला त्या दिवशी, शहागंजातून परतताना सिडकोच्या सिग्नलला, स्कूटरवर, नमुन्याची पेटी पायांत धरून. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले आणि मी तिथंच थांबलो. कोपर अशासाठी की धुतलेला हात कशाला लागू नये. मला हे कुणी शिकवलं होतं ते मला पक्कं आठवलं, तिचा आवाज, तिच्या हातातला लाल मग. दोन महिने मी ती पेटी रेखत होतो, कापून घेत होतो, हातात फिरवत होतो आणि मला कळलं नाही. माझंच डोकं माझ्यापासून एवढं लपवू शकतं याची मला भीती वाटली.

तीन वर्षांपूर्वी, २०१३ च्या एप्रिलमध्येसुद्धा दुष्काळच होता. मीनाक्षीला सातव्या महिन्यात त्रास सुरू झाला, घाईघाईनं ऑपरेशन झालं आणि मुलगी झाली. नऊशे चाळीस ग्रॅम. आमची मधल्या मापाची पेटी रिकामी असताना जवळपास तेवढीच भरते. हे मला ठाऊक आहे याचाच मला संताप येतो. मीनाक्षी पहिल्या मजल्यावर, रक्तदाब चढलेला, उठायचं नाही अशी ताकीद. मुलगी तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत. दिवसातून दोनदा आई-बापांपैकी एकाला दहा मिनिटं आत सोडायचे आणि पेटीतल्या गोल दारातून लेकराला हात लावू द्यायचे. डॉक्टर म्हणाले होते, लावा, त्यानं फरक पडतो. दाराबाहेरच्या नळाला पाणी नव्हतं. टँकरचं पाणी निळ्या ड्रममध्ये भरून ठेवलेलं असायचं आणि मनकर्णाबाई नावाची आया मगानं माझ्या हातांवर पाणी घालायची. "कोपरापत्तूर धुवा साहेब," ती म्हणायची, "आन् आता कशाला हात लावू नगा. दार कोपरानं उघडा." तिच्या वस्तीत तेव्हा आठवड्यानं पाणी यायचं, हे तिनंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. तरी ती हात आखडता न घेता दोन-दोन मग ओतायची. मी हात वर धरून आत जायचो. कोपरावरून थेंब गळत असायचे. आणि मी पेटीसमोर उभा राहायचो.

काय बघितलं ते मी आत्ताही चित्र काढून दाखवीन. उजवीकडच्या दाराची बिजागरी ढिली होती. एक स्क्रू बदललेला होता, बाकीच्यांपेक्षा चकचकीत. रबराची कड पिवळी पडलेली. खिटी दाबायला थोडी जड, मी केली असती तर हलकी केली असती. या सगळ्याच्या पलीकडं ती पालथी निजलेली असायची, डोक्यावर विणलेली टोपी, नाकाशी नळी, बरगड्या भराभर वरखाली. मी बिजागरीकडं बघत राहायचो. "घाला की हात," मनकर्णाबाई म्हणायची, "लेकराला बापाचा हात कळतोय." मी म्हणालो, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणालो, आत्ताच झोपलीय, नको. मग मी काही म्हणेनासा झालो आणि तीही म्हणेनाशी झाली, नुसतं पाणी घालायची. मी घाबरलो होतो, हे एवढं साधं आहे. एवढ्याशा जिवाला माझ्या हातानं काही झालं तर, ही एक भीती. आणि तिच्या तळाशी दुसरी, जी मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती: हात लावला तर ती माझी होईल आणि मग जाईल. नुसती बघितली तर गेली तरी कदाचित मला सोसेल. असा विचार मी केला, धुतलेले हात वर धरून, दिवसातून दोनदा. तो विचार करणाऱ्या माणसाबरोबर मी अजून राहतो आहे, त्याची दाढी करतो, त्याला जेवू घालतो.

खाली आलो की मीनाक्षी उशीवरून मान उचलायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "कशी होती? हात लावलास?" मी म्हणालो, "लावला." "मग काय केलं तिनं?" आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "बोट धरलं." मीनाक्षीचा चेहरा असा झाला की ते शब्द परत घेणं मला शक्यच नव्हतं. कुठलं बोट, तिनं विचारलं. मी उजव्या हाताची तर्जनी पुढं केली. तिनं ती आपल्या गालाला लावली आणि डोळे मिटून पडून राहिली. मग रोज दोनदा तेच. कशी होती, आज धरलं का, घट्ट धरलं का. मी सांगत गेलो. चांगलं घट्ट धरते, सोडतच नाही. नखं तिळाएवढी आहेत. एकदा तर सिस्टरला सोडवून घ्यावं लागलं. मी खोटं बोलायला बसलो की तपशील चांगले देतो, धंद्याची सवय. पाचव्या दिवशी दुपारी एका इंजेक्शनसाठी मला शहरभर फिरावं लागलं, तेवढी एक भेट हुकली आणि मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं झालं. सहाव्या दिवशी ती गेली. पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांनी ती माझ्या हातांवर ठेवली. माझ्या हातांना कापड लागलं. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं, एका कडेला दोरे निघालेलं. सासरे बरोबर होते. जमिनीत ठेवलं तेव्हाही कापडच लागलं. बाराव्या दिवसापर्यंत ती पोचलीच नाही, त्यामुळं बारसं नाही आणि नाव नाही. मीनाक्षीनं चौथ्या महिन्यातच नाव ठरवून माझ्या कानात सांगून ठेवलं होतं, मुलगी झाली तर ओवी. ते पुन्हा आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही.

त्यानंतर एक गोष्ट राहून गेली. मीनाक्षी रस्ता ओलांडताना माझा हात धरत नाही, तर्जनी धरते. जालना रोडवर, गाड्यांच्या गर्दीत, चांगली सदतीस वर्षांची शाळामास्तरीण नवऱ्याचं एकच बोट मुठीत धरून चालते. बघणाऱ्याला गंमत वाटत असेल. मला दर वेळी चोरीचा माल अंगावर सापडल्यासारखं होतं. दुसऱ्या मुलाचा विषय कुणी काढला की ती एका शब्दात तोडून टाकते, नको. तिला पुन्हा सगळं सोसायची भीती वाटत असेल, असं मी धरून चाललो होतो आणि मलाही ते सोयीचं होतं. आणि वर्कशॉपमध्ये उन्हं कलली की फळीवरच्या रिकाम्या पेट्यांच्या रांगेत एखादीच्या आत काहीतरी निजलेलं दिसायचं. माझ्या दोन तळव्यांवर मावेल एवढं. सरळ बघितलं की काही नसायचं. आतल्या अंगाला मात्र एखाद्या ठिकाणी, नाक लागावं तिथं, धुरकट असा रुपयाएवढा डाग असायचा आणि बघता बघता विरायचा. गरम झालेल्या प्लास्टिकला असं होतं, मला शास्त्र माहीत आहे. तरीही मी त्या वेळेला फळीकडं पाठ करून बसायला लागलो होतो. आपा बोलून गेल्यावर पाठ करूनही भागेना. सगळ्या फळीवर गोल दारं होती आणि सगळी माझ्याकडं तोंड करून होती.

आमच्या घरात एक पद्धत आहे. प्रत्येक नवा नमुना आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक दिवस ठेवायचा. मीनाक्षीला काही सांगायचं नाही. ती येताजाता त्याला हाताळते आणि तिचा हात पहिल्यांदा जिथं जातो तिथं मी खिटी बसवतो. सतरा नमुने असे झाले, एकदाही ती चुकली नाही. हा अठरावा. तो मी घरी नेला नाही. पहिल्यांदा म्हणालो, रबर यायचंय. मग म्हणालो, खिटी अडकते. मीनाक्षीला सुट्ट्या लागल्या होत्या, ती घरीच असायची. "या वेळी काय सोन्याचं खोकं करतोयस का रे?" तिनं थट्टेनं विचारलं आणि मी एवढा दचकलो की तिची थट्टा अर्ध्यात राहिली. इकडं मी गोल काढून चौकोन करून बघितला, आडवी फट करून बघितली. फारूखभाईंनी दोन्ही पेट्या मॉलमध्ये ठेवून बघितल्या. "नक्को भाई," त्यांनी फोनवर सांगितलं. "चौकोनात कुणी हातच घालत नाही, पोस्टाची पेटी समजतात. गोलच द्या. गोलात माणूस न सांगता हात घालतो." मी म्हणालो, बघतो. न सांगता हात घालतो. एक माणूस मला माहीत होता, ज्यानं सांगूनही घातला नव्हता.

मग पाण्यानंच मला वाट काढून दिली, असं मला वाटलं. फारूखभाईंच्या घाईपायी मी आधीच मॉलला दिलेल्या पहिल्या खेपेच्या गोल दाराच्या पेट्या परत आल्या त्या चार फेऱ्यांतच अंधुक झालेल्या. आतली शाल धुक्यातून दिसावी तशी. सांडूला विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, "टँकर आलाच नाय साहेब, दोन आठवडं. पाणी कुठून आणू? कोरड्या फडक्यानंच पुसल्या." धुळीसकट कोरडं पुसलं की या प्लास्टिकवर बारीक चरे उठतात आणि चरे उठले की ते संपलं. पन्नास वेळा वापरायची पेटी काढणाऱ्या मला ती पन्नास वेळा धुवावी लागेल हे सुचलं नव्हतं, तेही ज्या शहरात नळ पाचव्या दिवशी येतो तिथं. एरवी मी स्वतःला फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी मला आनंद झाला. रचनाच फसली, सोडून देऊ, विषय संपला. एकच नमुना कोरा राहिला होता, शहागंजात नेलेला. मी सांडूला म्हणालो, तो मोडून टाक, भंगारात दे. सांडूनं माझ्याकडं बघितलं. दहा वर्षांत मी त्याला धड वस्तू मोडायला कधी सांगितलं नव्हतं. मी पुढच्या कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला त्याचा फोन आला. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, शहरात लेकीकडं जायचं होतं. "साहेब, रागवू नगा. मोडवंना माझ्याच्यानं. चांगली वस्तू लई जिवावर येती मोडाया. वैनींनी आजून बघितलाच नव्हता नमुना, म्हून त्यांच्याकडं देऊन आलो. त्या म्हन्ल्या, ठेवा टेबलावर." मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. "साहेब? चुकलं का काय?" मी म्हणालो, नाही सांडू, तुझं नाही चुकलं. शेंद्र्यापासून सिडकोतल्या घरापर्यंत मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की चिकलठाण्याजवळ रस्त्याच्या कडेला बायका-माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती आणि मला वाटलं, त्या रांगेत जाऊन उभं राहावं, घरी जाऊच नये.

दार उघडंच होतं. मीनाक्षी टेबलाशी बसली होती, पाठमोरी. पंखा बंद होता. पेटीचं गोल दार उघडं होतं आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत आत होता. पेटी रिकामी होती. तळवा उताणा ठेवून तिनं तर्जनी थोडी वर धरली होती, आणि हात हलत नव्हता. टेबलावर पाण्याचे थेंब होते, मोरीपासून टेबलापर्यंत फरशीवरही होते. नळाला अजून तीन दिवस होते आणि तिनं कोपरापर्यंत हात धुतले होते.

"कोपरानं उघडतं," ती वळून न बघता म्हणाली.

"हो."

"मी आधी नुसतं बघितलं. मग उठून हात धुऊन आले. कशाला धुतले ते धुऊन झाल्यावर कळलं." तिनं हात तसाच आत ठेवला. "श्री, मला तुला एक सांगायचंय. तीन वर्षं सांगायचंय. तू मध्ये बोलू नकोस."

मी उभाच राहिलो. ती पेटीकडं बघूनच बोलत होती. पाचव्या दिवशी दुपारी, मी इंजेक्शनासाठी बाहेर होतो तेव्हा, मनकर्णाबाई चाकाची खुर्ची घेऊन तिच्याकडं आली होती. डॉक्टर जेवायला गेलेत, चला, असं म्हणाली. कुणाला सांगू नका म्हणाली. तिनंच वर नेलं, तिनंच पाणी घातलं. "मी हात घातला. आधी नुसती हात फिरवत राहिले. मग तू सांगायचास तसं बोट तिच्या तळहातात ठेवलं. वाट बघितली. मनकर्णाबाई म्हणाली, बाई, चला आता, कुणी येईल. मी म्हटलं, एक मिनिट. मी परत ठेवलं. दुसऱ्या हातात ठेवून बघितलं." तिनं आतली तर्जनी मिटून घेतली. "तिनं धरलं नाही श्री. तुझं रोज धरायची. दिवसातून दोनदा धरायची. माझं नाही धरलं. मला वाटलं, तिला कळलंय. मला तिला पोटात ठेवता आलं नाही ना पुरतं, ते तिला कळलंय, म्हणून नाही धरत. रस्ता ओलांडताना मी तुझं बोट धरते, ते तिनं धरलेलं बोट म्हणून धरते. आणि दुसरं मूल कशाला आणू? तेही माझं धरणार नाही."

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी गप्प राहिलो आहे आणि दर वेळी त्याला समजूतदारपणा असं नाव दिलं आहे. आत्ताही गप्प राहता आलं असतं. तिला जवळ घेऊन म्हणता आलं असतं, वेडी आहेस, पाच दिवसांच्या बाळाला काय कळतं. ते वाक्य तोंडात तयारही होतं. मग उद्या पुन्हा रस्त्यावर तिनं माझं बोट धरलं असतं. मी ते बोट बघितलं. 

"मीनू, तिनं माझं बोट धरलं नव्हतं," मी म्हणालो. "मी हात घातलाच नव्हता."

ती वळली. हात पेटीतच होता, त्यामुळं अर्धीच वळली.

"म्हणजे?"

"आत जायचो. हात धुवायचो. नुसता उभा राहायचो. मला भीती वाटायची."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आणि नखं? तिळाएवढी नखं?"

"बाहेरून दिसायची."

तिनं हात बाहेर काढला. रबराच्या कडेचा वळ कोपराखाली उमटला होता. ती मला मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तीन वर्षं, श्री. तीन वर्षं मी माझ्याच लेकरावर जळत होते. तुझं धरते म्हणून. तुला माहितीय जळणं म्हणजे काय असतं ते? मेलेल्या लेकरावर?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. पदरानं टेबलावरचे थेंब पुसायला लागली आणि मध्येच थांबली.

"म्हणजे तिनं कुणाचंच धरलं नाही."

"नाही."

"म्हणजे तिच्या अंगात तेवढी ताकदच नव्हती. माझ्यावर राग नव्हता."

"नव्हता मीनू. एवढ्याशा बाळाला—"

"तू नको बोलूस." तिनं हात वर केला. "तू काही बोलायचं नाहीस त्यातलं. तुला काय माहिती? तू होतास कुठं?" तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतकं काही येऊन जात होतं की मला तिकडं बघवेना. शेवटी ती खुर्चीत बसली आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "म्हणजे आपल्या दोघांत माझाच हात लागला तिला."

"हो," मी म्हणालो. "तुझाच लागला." आणि त्या शब्दांबरोबर मला जे तीन वर्षं झालं नव्हतं ते झालं. मी तिच्या पायाशी फरशीवर बसलो आणि मोठ्यांदा रडलो. आमच्या घरात पुरुष असे रडत नाहीत. तिनं मला जवळ घेतलं नाही. दूरही लोटलं नाही. माझं रडणं संपेपर्यंत ती थांबली, आणि मग म्हणाली, "विचार."

"काय?"

"मी तुला रोज विचारायची ते. तू मला आता विचार."

  मी फरशीवरूनच विचारलं, "कशी होती?"

मीनाक्षीनं आपला उजवा तळवा उघडून समोर धरला आणि त्याच्याकडं बघत राहिली.

"ओवीच्या पाठीवर लव होती," ती म्हणाली. "खांद्यांपासून खाली, सगळ्या पाठीवर. बाहेरून दिसत नव्हती. हाताला लागायची."